सुताचे अल्युमिना डोळे, मफल भट्टी आणि मायक्रोवेव्ह

तुमचे प्रश्न तीन, पण एकमेकांत गुंतलेले. तुम्ही सोलापुरात एम.एस्सी. करता, प्रकल्पासाठी अल्युमिना आणि झिर्कोनिया या सिरॅमिक पावडरींच्या गोळ्या दाबून १५५० अंशांना भाजता, आणि एकदा मफल, म्हणजे बंद कप्प्याची विजेची भट्टी, लावली की अख्खा दिवस तिच्यात जातो. मायक्रोवेव्हनं हेच काम अर्ध्या तासात होतं असं तुमच्या वाचनात आलं; ते खरं का, हा पहिला प्रश्न. घरचा मायक्रोवेव्ह त्यासाठी वापरता येईल का, हा दुसरा. तिसरा तुमच्या मामांचा. अक्कलकोट रोडला त्यांचं छोटं युनिट आहे. मागावर, वार्पिंगवर ज्या पांढऱ्या गुळगुळीत डोळ्यांतून सूत जातं, ते डोळे ते बाहेरून आणून विकतात. आता घरीच बनवायचं मनात आहे, तर भट्टी कोणती घ्यावी?

मी तीस वर्षं भट्टीपुढे काढली. आधी रिफ्रॅक्टरी विटा, मग विजेचे इन्सुलेटर, आता इथेच अल्युमिनाचे बारके भाग. मधली दोन-अडीच वर्षं एका प्रयोगशाळेच्या सोबतीनं मायक्रोवेव्हवरही घालवली, त्यात हात पोळले आणि शिकलोही. मामांचं उत्तर आखूड आहे म्हणून आधीच देऊन टाकतो: साधी विजेची भट्टी घ्या. कारण शेवटी सांगतो. तुमचं उत्तर लांब आहे.

सिंटरिंग म्हणजे पावडर न वितळवता भाजून घट्ट करणं, हे तुम्हाला शिकवायला नको, पण एक आकडा डोक्यात ठेवा. दाबलेल्या कच्च्या गोळीत निम्म्याहून थोडी जास्त पावडर असते, उरलेली हवा. घनता ५५ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर नेली तर २० मिमीची गोळी साडेसोळा मिमीची होते. वितळत काहीच नाही. अल्युमिना वितळतं दोन हजारांच्या वर, आपण भाजतो सोळाशेच्या आसपास. अणू कणाच्या पृष्ठभागावरून आणि दाण्यांच्या सीमांवरून सरकतात, कणांमध्ये मान तयार होते, पोकळ्या मिटतात. त्याच वेळी दाणेही फुगत असतात. छिद्रं मिटावीत पण दाणा फुगू नये, आमच्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी या एका वाक्यात आली.

आता मफलला दिवस का लागतो? बहुतेक पुस्तकी उत्तर असं: बाहेरून येणारी उष्णता आत झिरपायला वेळ लागतो, म्हणून सावकाश तापवावं लागतं. वीट, मोठा इन्सुलेटर, जाड भांडं यांच्या बाबतीत ते खरं आहे. तुमच्या ३ मिमी जाड गोळीच्या बाबतीत नाही. तेवढ्या जाडीतून उष्णता आरपार जायला काही सेकंद पुरतात. म्हणजे दिवस गोळीला लागतच नाही. तो लागतो भट्टीच्या विटांना, मफलच्या कवचाला, तापणाऱ्या एलिमेंटला, माल ठेवायच्या भांड्याला, म्हणजे सॅगरला. पाच ग्रॅमची गोळी भाजायला आपण पन्नास-साठ किलोचा संसार तापवतो आणि पुन्हा गार करतो. तो संसार झटक्यानं तापवला तर मफल तडकते, म्हणून मिनिटाला पाच अंश. १५५० पर्यंत चढायला पाच तास, वर दोन तास मुक्काम, आणि उतरायला रात्र.

हे नीट पटलं की मायक्रोवेव्हचं अर्धं कोडं आपोआप सुटतं. तिथं तापतो फक्त माल आणि त्याच्याभोवतीचा फायबर-बोर्डचा छोटा डबा. पोलादी पोकळीच्या भिंती गारच राहतात. वेळ वाचतो तो बराचसा इथे. यात लहरींची जादू किती आणि हलक्या संसाराची करामत किती, हा वेगळा हिशेब आहे, आणि तुमच्या प्रकल्पाचा खरा विषय मला तोच दिसतो.

लहरी काय करतात ते बघू. घरच्या ओव्हनमध्ये आणि प्रयोगशाळेतल्या बहुतेक यंत्रांत २.४५ गिगाहर्ट्झची लहर असते, लांबी सव्वाबारा सेंटिमीटरच्या आसपास. पदार्थ त्यातली किती ऊर्जा गिळतो ते त्याच्या डायइलेक्ट्रिक लॉसवर, म्हणजे लहरीतली ऊर्जा उष्णतेत बदलण्याच्या गुणावर ठरतं. गंमत अशी की शुद्ध अल्युमिना गार असताना जवळपास काहीच गिळत नाही. या गुणाचं माप, लॉस टँजंट, हजारात एकाहूनही कमी. लहरींच्या दृष्टीनं ती काचेची खिडकीच. मग ते तापतं कसं? शेजारी सिलिकॉन कार्बाइड ठेवतात. ते गार असल्यापासूनच लहरी पितं, लाल होतं आणि आपल्या उष्णतेनं अल्युमिनाला वर ढकलतं. याला ससेप्टर म्हणतात आणि या मिश्र पद्धतीला हायब्रिड हीटिंग. तापमान चढलं की अल्युमिनाचा लॉस वाढतो आणि पुढे ते स्वतःच लहरी खाऊ लागतं. झिर्कोनिया जास्त उतावीळ, चारशे ते सहाशे अंशांच्या पट्ट्यातच हाताशी येतं. ‘मायक्रोवेव्ह सिंटरिंग’ नावाखाली अल्युमिनावर जे निकाल छापले जातात, त्यांतला चढाचा मोठा टप्पा खरं तर सिलिकॉन कार्बाइडच्या छोट्या भट्टीतला असतो, हे वाचताना विसरू नका.

लॉस तापमानाबरोबर वाढतो, ही चांगली गोष्टही आहे आणि फासही. जो भाग थोडा जास्त तापला तो जास्त ऊर्जा गिळतो, म्हणून आणखी तापतो, म्हणून आणखी गिळतो. याला थर्मल रनअवे म्हणतात. मी तो असा पाहिला. झिर्कोनियाची चकती लावली होती, वाचन साडेतेराशेवर स्थिर होतं, पाच मिनिटं बाहेर उभा राहून चहा घेतला. परत आलो तर डब्याच्या एका कोपऱ्यातून पांढराशुभ्र उजेड. फायबर-बोर्डमधल्या सिलिकानं लहरी गिळायला सुरुवात केली होती. बोर्डाला आरपार भोक आणि भोकाच्या कडेला काचेचा ओघळ. चकतीचे दोन तुकडे, एकावर काही दाणे साखरेएवढे सुटे दिसत होते, दुसरा अर्धाकच्चा. तापमानदर्शक मात्र शेवटपर्यंत साडेतेराशेच म्हणत होता. तो बघत होता ससेप्टरकडे, मालाकडे नाही.

दुसरी अडचण पोकळीतल्या लहरींच्या गर्दीची. लहरी भिंतींवर आपटून उभ्या राहतात, त्यामुळे काही जागा तापतात, काही गारच राहतात. घरी करून बघायचं असेल तर मायक्रोवेव्हची फिरती ताटली काढा, तळावर दोन-तीन उडदाचे पापड पसरा आणि अर्धा मिनिट चालवा. काही ठिकाणी पापड फुलतो, बाजूलाच कच्चा राहतो. अशा फुललेल्या जागा साधारण अर्ध्या लहरीएवढ्या, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपासच्या अंतरानं दिसतात. ताटली फिरते ती यासाठीच. पापडाला ते चालतं. डब्यातल्या वीस गोळ्यांपैकी पाच ९९ टक्के घनतेच्या आणि पाच ९२ च्या निघाल्या, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दारात येत नाही. एका लहान गोळीसाठी सिंगल-मोड पोकळी, म्हणजे लहर एकाच ठरलेल्या नक्षीत उभी राहते अशी पोकळी, वापरली की हा त्रास जातो, पण मग एका वेळी एकच गोळी.

आता ज्यावरून विद्वानांची भांडणं झाली, तिकडे वळू. लहरी नुसती उष्णता देतात, की अणूंना सरकायलाही काही वेगळी मदत करतात? अमेरिकेत ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॅनी आणि किमरी यांनी १९९० च्या सुमारास २८ गिगाहर्ट्झवर अल्युमिना भाजलं आणि सक्रियण ऊर्जा, म्हणजे अणूंना सरकण्यासाठी ओलांडावा लागणारा उंबरठा, १६० किलोज्यूल प्रति मोल काढली. साध्या भट्टीत त्यांना ती ५७५ मिळाली होती. फरक प्रचंड. ‘मायक्रोवेव्ह इफेक्ट’ हा शब्द अशा निकालांवर पोसला गेला. रशियातल्या निझनी नोव्हगोरोदचे रिबाकोव्ह आणि सेमेनोव्ह यांनी त्याला सैद्धांतिक टेकू दिला: विद्युतक्षेत्रामुळे दाण्यांच्या सीमेपाशी आणि पृष्ठभागापाशी भारित दोषांवर एक वेगळा ढकल पडू शकतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात रुस्तुम रॉय (जन्म रांचीचा) आणि दिनेश अग्रवाल यांच्या गटानं तर १९९९ मध्ये धातूच्या पावडरीही मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण भाजून दाखवल्या. अखंड धातू लहरी परतवतो, पावडर मात्र गिळते, हे तोवर अनेकांच्या ध्यानीमनी नव्हतं. रॉय यांच्या गटानं विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र वेगळं करूनही तापवून पाहिलं. फेराइटसारखा पदार्थ चुंबकीय क्षेत्रातही चांगला तापतो. ती कामं मी आदरानं वाचली आहेत.

तरीही माझं मत सांगतो. इफेक्ट काही पदार्थांत खरा असू शकतो, पण छापून येणाऱ्या आकड्यांतला मोठा हिस्सा दोन साध्या गोष्टींचा असतो, चुकलेलं तापमान आणि न जुळणारा वेग.

तापमानाचं आधी. सक्रियण ऊर्जा ५७५ धरून कागदावर मांडा. १५०० अंशांना जो वेग आहे, तो १५५० ला जवळपास तिप्पट होतो आणि १६०० ला आठपट. म्हणजे तुमचा मापक ५० अंश कमी दाखवत असेल तर लहरींनी काहीही न करता काम तिप्पट वेगानं झालेलं दिसेल, आणि १०० अंश चुकला तर तुम्ही शोधनिबंध लिहायला बसाल. मायक्रोवेव्हमध्ये ५०-१०० अंश चुकणं अगदी सोपं आहे. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची उघडी तार क्षेत्रात गेली तर ठिणग्या उडतात किंवा ती स्वतःच तापते. प्लॅटिनमचं कवच नीट अर्थ करून घातलं तरी ती शेजारचं क्षेत्र विस्कटते. पायरोमीटर लांबून, उजेडावरून तापमान मोजतो, म्हणजे पृष्ठभागच बघतो, आणि इथे आतला भाग पृष्ठभागापेक्षा गरम असतो, कारण उष्णता आत तयार होते आणि बाहेरून निसटते. भट्टीत याच्या बरोबर उलट. शिवाय अल्युमिना आखूड लहरींच्या पायरोमीटरला अर्धपारदर्शक दिसतं. एमिसिव्हिटीचा, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता फेकतो त्याचा, आकडा अंदाजानं टाकला की वाचनही अंदाजाचंच. आम्ही शेवटी तापमानावर वाद घालणं सोडलं आणि मालाशेजारी पायरोमेट्रिक रिंग ठेवू लागलो. ती उष्णतेनं ठरल्याप्रमाणे आकसते, बाहेर काढून मायक्रोमीटरनं मोजायची. तीही सिरॅमिकच, लहरींत तीही स्वतः तापते, म्हणजे देवाची साक्ष नव्हे. पण ससेप्टरकडे बघणाऱ्या पायरोमीटरपेक्षा कितीतरी प्रामाणिक.

वेगाचं दुसरं. कमी तापमानाला अणू मुख्यतः पृष्ठभागावरून सरकतात. त्यानं दाणे जाड होतात, पण गोळी फारशी आकसत नाही. घनता वाढवणारी हालचाल बहुतेक वेळा चढ्या तापमानाला जोर धरते. म्हणून खालचा टप्पा झटकन ओलांडून वर गेलं तर दाणे बारीक राहूनही गोळी घट्ट होते. हे मायक्रोवेव्हशिवायही होतं. हार्मर आणि ब्रुक यांनी १९८१ मध्ये जलद भाजणीचा हा फायदा नीट मांडला होता. तुमच्या निबंधात मायक्रोवेव्हची गोळी मिनिटाला ५० अंशांनी चढवून, तिची तुलना मिनिटाला ५ अंशांनी चढलेल्या मफलच्या गोळीशी कराल, तर तुम्ही लहरींची परीक्षा घेतलीच नाही, वेगाची घेतली. एक जण मोटारसायकलवर आणि दुसरा चालत गेला, आणि आपण रस्त्याचा दोष शोधतोय, असा तो प्रकार.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर तीन गट केले असते. एक नेहमीची मफल. दुसरा ट्यूब भट्टीतली जलद भाजणी: नळी आधीच १५०० ला धरून ठेवायची आणि अल्युमिनाच्या होडीतून गोळी हळूहळू, पाच-सात मिनिटांत, गरम टप्प्यात ढकलायची. नळी एकदम थंड माल पाहून तडकू नये म्हणून होडी लहान ठेवा आणि घाई करू नका. तिसरा गट मायक्रोवेव्ह-हायब्रिड. तिन्हींत पावडरीचा एकच लॉट, एकच डाय, एकच दाब. पावडर धरून ठेवणारा डिंक, म्हणजे बाइंडर, जाळणं तिन्हींचं एकत्र, त्याच मफलमध्ये, मिनिटाला एक अंशानं ६०० पर्यंत. यात कसर नको. पीव्हीए (आपला बाइंडर) राहिलेली गोळी जलद भाजणीत टाकली तर वायू आतच कोंडतो, आणि फुटलेल्या गोळीचा दोष तुम्ही लहरींवर टाकाल. आमच्या सुरुवातीच्या निम्म्या फुटलेल्या गोळ्या अशाच होत्या.

आणि आलेख काढताना आडव्या अक्षावर तापमान घालू नका. घनता घाला, उभ्या अक्षावर दाण्याचा आकार. तापमान मोजण्यातला सगळा गोंधळ या एका बदलानं बाजूला पडतो, कारण दोन्ही गोष्टी गार झालेल्या गोळीवर मोजलेल्या असतात. मायक्रोवेव्हचे बिंदू जर जलद भाजणीच्या रेषेवरच बसले, तर लहरींनी वेगापलीकडे काही दिलं नाही. रेषेच्या खाली, म्हणजे त्याच घनतेला बारीक दाणा असं स्पष्ट दिसलं, तर बोलण्यासारखं काही हाती लागलं. दोन्ही निकाल छापण्याच्या लायकीचे आहेत. पहिल्याची मला जास्त शक्यता वाटते, विशेषतः अल्युमिनात. झिर्कोनियात नशीब आजमावून बघा.

घनता अर्किमिडीजच्या पद्धतीनं काढा, पण गोळी पाण्यात तासभर उकळल्याशिवाय किंवा व्हॅक्यूममध्ये हवा काढल्याशिवाय नको. उघड्या छिद्रांत हवा राहिली तर वजनाचा तराजू खोटं बोलतो. अल्युमिनाची पूर्ण घनता ३.९८, तीन टक्के यिट्रियाच्या झिर्कोनियाची साधारण ६.१ ग्रॅम प्रति घनसेंमी. दाणे बघायचे तर पॉलिश करून भाजणीपेक्षा ५० ते १०० अंश खाली थोडा वेळ पुन्हा तापवा, सीमा उघड्या पडतात. मग एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोवर रेषा ओढून सरासरी छेद काढा आणि १.५६ नं गुणा. प्रत्येक गटात निदान पाच गोळ्या, आणि मायक्रोवेव्हच्या गोळीचा मधला आणि कडेचा दाणा वेगवेगळा मोजा. आतलं बाहेरचं तापमान वेगळं होतं का, हे गोळी स्वतः सांगते.

साध्या भट्टीला कमी लेखू नका, हेही यात आलंच. १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी अल्युमिनात मॅग्नेशियाची चिमूट घातली आणि प्रकाश आरपार जाईल इतकं छिद्रहीन अल्युमिना भाजलं. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या नळ्या त्यातूनच आल्या. २००० मध्ये चेन आणि वांग यांनी यिट्रिया साध्या भट्टीत दोन पायऱ्यांत भाजून दाखवलं: एकदा वर नेऊन लगेच खाली आणायचं आणि तिथं बराच वेळ धरायचं. छिद्रं मिटतात, दाणा वाढत नाही. यासाठी एकही मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्हच्या लहरी तयार करणारा दिवा, लागला नाही, फक्त कंट्रोलरमध्ये दोन ओळी जास्त. तुमच्याकडे वेळ असेल तर हा चौथा गट फुकटात होतो.

आता घरचा मायक्रोवेव्ह. करता येतो, लोकांनी केलाय, आणि मी तुम्हाला करू नका असंच सांगेन. भीती उष्णतेची कमी. मॅग्नेट्रॉनच्या मागे दोन हजार व्होल्टच्या वर चढणारा कपॅसिटर असतो, तो प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. झाकण उघडून हात घातलेल्या माणसाला तो दुसरी संधी देत नाही. वरून पायरोमीटरसाठी भोक पाडणारे असतात. छोटं भोक लहरीच्या लांबीच्या मानानं फारसं गळत नाही, पण त्यात थर्मोकपलची तार अडकवली की तीच अँटेना होते. ओव्हनच्या गळतीची मान्य मर्यादा पाच सेंटिमीटरवर ५ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर आहे, आणि आपण हातानं पाडलेलं भोक ती पाळतंय का हे मोजायचं यंत्र आपल्या घरी नसतं. त्यात फायबर-बोर्डची धूळ. ती फुप्फुसात जाते आणि सहजासहजी बाहेर येत नाही. मास्क घालून, ओल्या फडक्यानं पुसूनच काम करा, मफलच्या बाबतीतही.

त्यापेक्षा ज्यांच्याकडे बनवलेलं यंत्र आहे त्यांच्याकडे जा. पुण्यात पाषाण रोडजवळ सी-मेट आहे, हैदराबादला एआरसीआय आहे, दोन्ही सरकारी संशोधन संस्था; दोन्ही ठिकाणी सिरॅमिक पावडरीत मुरलेली माणसं आहेत. कोणतं यंत्र चालू आहे आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला वेळ मिळेल का, हे मार्गदर्शकांच्या पत्रासह आधी विचारून घ्या. पुण्याला तर हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघून रात्री परत. गोळ्यांचा बाइंडर इथेच जाळून न्या, कच्च्या गोळ्या कापसात, डबीत, मांडीवर. बॅगेत टाकून नेलेल्या गोळ्यांची पावडर घेऊन परत आलेले मी पाहिलेत.

मामांकडे येतो. समजा साडेतीन किलोवॅटची भट्टी, सरासरी साठ टक्के भार, सव्वासात तास: पंधराएक युनिट. समजा मायक्रोवेव्ह भिंतीतून दोन किलोवॅट ओढतो आणि तासाभरात मोकळा होतो: दोन युनिट. हा आकडा दाखवूनच यंत्र विकतात. पण त्या भट्टीत तीन थर लावून दोनशे डोळे बसतात, तर मायक्रोवेव्हच्या डब्यात, सगळे सारखे भाजले जावेत अशा मधल्या जागेत, पाच. दर डोळ्याला भट्टीत पाऊण दशांश युनिटाच्या आसपास, मायक्रोवेव्हमध्ये दोन पंचमांश. पाचपट महाग. मॅग्नेट्रॉन विजेतली सगळी ऊर्जा लहरींत बदलत नाही, २.४५ गिगाहर्ट्झवर एक तृतीयांशाच्या आसपास तो स्वतःच गरम होण्यात घालवतो. ती उष्णता कुठेतरी काढावी लागते. मोठी यंत्रं पाण्यानं गार ठेवतात, आणि रोज नळाला पाणी न येणाऱ्या गावात त्यासाठी फिरत्या पाण्याचा चिलर घ्यावा लागेल. हवेवर चालणारं यंत्र मे महिन्यात, पारा ४३-४४ वर असताना, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बारा ते चार बंदच पडेल. माझ्याकडे भट्टीच्या पॅनलमधला वीज कमी-जास्त करणारा थायरिस्टरसुद्धा त्या दिवसांत मान टाकतो, मग आम्ही भाजणी रात्रीच लावतो.

वीज जाण्याचंही लक्षात घ्या. भट्टीचा जड संसार, ज्याला मी वर नावं ठेवली, तो अशा वेळी देव होतो. अर्ध्या तासानं वीज आली तरी माल बऱ्याचदा वाचतो, थोडा मुक्काम वाढवला की झालं. मायक्रोवेव्हचा हलका डबा पाहता पाहता गार पडतो आणि माल तडकतो.

डोळ्यांसाठी ९६ टक्क्यांची अल्युमिना पुरे, तिच्यात थोडा काचेसारखा भाग असतो म्हणून १५५० ते १६०० ला भाजली जाते. भट्टी १७०० ची, मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंट असलेली घ्या. सिलिकॉन कार्बाइडचे रॉड स्वस्त पडतात, पण या तापमानाला ते कडेलोटावर चालतात आणि वर्षागणिक त्यांचा रोध वाढत जातो. मॉलिब्डेनमचे एलिमेंट ठिसूळ असतात, बसवणाऱ्याला घाई करू देऊ नका, आणि भट्टी चारशे ते सातशे अंशांच्या दरम्यान रेंगाळत ठेवू नका; त्या पट्ट्यात ते भुकटी होऊन झडतात. म्हणून बाइंडर जाळायला वेगळी, साधी, स्वस्त, कँथल तारेच्या एलिमेंटची भट्टी. हा खर्च दुप्पट वाटेल, पण एलिमेंटचा एक संच बदलायला लागला की वाटणार नाही.

सुताला डोळा किती दिवस पुरतो हे भट्टीच्या जातीवर कमी आणि दाण्यावर, छिद्रांवर, पॉलिशवर जास्त अवलंबून असतं. टॉवेलचं सुती सूत दयाळू असतं. चमक घालवण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घातलेला पॉलिएस्टर धागा कानशीसारखा चालतो, तो अल्युमिनातही खाच पाडतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या ओळखीच्या विणकराकडे चार मागांवर मामांचे पहिले डोळे लावा, शेजारच्या चार मागांवर सध्याचे बाहेरचे. तीन महिन्यांनी दोन्ही काढून, पेनाच्या शाईचा थेंब आत फिरवून पुसा. खाच पडली असेल तिथं शाई बसून राहते, भिंगही लागत नाही. खाच दिसली तर भट्टी बदलण्याआधी पावडरीचा दळ आणि बॅरलमधला पॉलिशचा वेळ तपासा. माझ्याकडे दहापैकी सात वेळा चूक तिथंच सापडली आहे.